मेसापोटेमियाचा हिशेब कोणापासून लपविला?

लढाई चालू असतां सरकारनें आपल्या लष्करी हालचाली गुप्त ठेविल्या म्हणून कोणीही शहाणा मनुष्य त्यास दोष देणार नाहीं. कोणती पलटण कोणत्या दिवशीं कोणत्या बंदरांतून निघाली, तोफा किती व दारूगोळा किती, ह्या गोष्टी शत्रूच्या कानीं जातां कामा नयेत हें सांगावयास लष्करी पंडित नको. ह्याविषयीं वादच नाहीं. वाद आहे तो निराळा. जी गोष्ट शत्रूस पुरती ठाऊक आहे, किंबहुना जी त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आहे, ती आपल्याच प्रजेपासून मात्र झांकून ठेवण्यांत सरकारचा हेतु काय असावा? परमुलखांत सैन्य नेऊन वर्षानुवर्षें ठाण मांडून बसलेल्या सरकारांच्या कारभारांत हा प्रकार इतक्या वेळां दृष्टीस पडतो कीं, त्यास अपवाद म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, अशा प्रसंगीं गुप्ततेचा पडदा शत्रूच्या डोळ्यांपुढें धरलेला नसून, ज्यांचा पैसा व ज्यांचीं माणसें खर्चीं पडतात त्यांच्या डोळ्यांपुढें धरलेला असतो. आणि तो पडदा जितका जाड तितका परक्या देशांतला मुक्काम लांबतो.

हें म्हणणें तपासून पाहण्यास आम्हीं मुद्दाम मेसापोटेमियाचें, म्हणजे आजच्या इराक देशाचें, उदाहरण घेतलें आहे. एक तर त्या प्रकरणाचे कागदपत्र आतां बहुतेक उघड झालेले असल्यामुळें अंदाजानें बोलण्याचें कारण नाहीं. आणि दुसरें, तें प्रकरण आपल्या घरचें आहे. १९१४ च्या नोव्हेंबरांत इराणी आखाताच्या टोंकाशीं फाओ येथें जें सैन्य उतरलें तें हिंदुस्थान सरकारनें मुंबईहून पाठविलेलें होतें, व त्याचें नांवच मुळीं ‘सहावी पुणें डिव्हिजन’ असें होतें. त्या डिव्हिजनमध्यें गोऱ्या पलटणींबरोबर १०३ वी, ११० वी व ११७ वी ह्या मराठ्यांच्या पलटणी पुढें लढल्या. साताऱ्याच्या व रत्नागिरीच्या शेतकऱ्यांचीं मुलें तैग्रिस नदीच्या चिखलांत कशासाठीं उतरलीं? कारण सांगण्यांत आलें तें आबादानच्या तेलाच्या कारखान्याचें व नळाचें रक्षण. ज्या अँग्लो-पर्शियन कंपनीचें हें तेल, तिचें निम्म्याहून अधिक भागभांडवल ब्रिटिश सरकारनें त्याच वर्षीं विकत घेतलेलें होतें. नोव्हेंबर संपण्यापूर्वींच बसरा हातीं आलें व तेल सुरक्षित झालें. मोहिमेचा उद्देश येथें संपला. मोहीम मात्र संपली नाहीं.

आतां कायदा काय म्हणत होता तें पाहूं. कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें त्या वेळच्या १८५८ च्या कायद्यांत ह्या बाबतींत दोन कलमें मुद्दाम घातलेलीं होतीं. कलम ५४ असें कीं, हिंदुस्थानांतील फौजांस प्रत्यक्ष लढाई सुरू करण्याचा हुकूम गेला तर, पार्लमेंटची बैठक चालू असल्यास, ती गोष्ट तीन महिन्यांचे आंत दोन्ही सभागृहांस कळविली पाहिजे. कलम ५५ असें कीं, हिंदुस्थानावर प्रत्यक्ष स्वारी आली असेल अथवा एकाएकीं तसेंच निकडीचें कारण उद्भवलें असेल तेवढें सोडून, सरहद्दीबाहेरील लष्करी मोहिमेचा खर्च दोन्ही सभागृहांच्या संमतीवांचून हिंदुस्थानच्या तिजोरींतून करतां येणार नाहीं. कलमें शहाणपणाचीं होतीं. मेख एवढीच कीं, पैसा हिंदी रयतेचा आणि संमति विचारावयाची ती लंडनांतल्या सभासदांची! घराच्या मालकास अंगणांत उभें करून शेजाऱ्याच्या सहीनें घर गहाण टाकावें त्यांतलाच हा व्यवहार. १८७८ चें अफगाण युद्ध, १८८२ ची इजिप्तची मोहीम, १८९६ ची सुदानची मोहीम, ह्या प्रत्येक वेळीं हाच वाद निघाला; लष्करी खर्चाच्या बोजाविषयीं ना. गोखल्यांनीं १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष दिली. फळ काय तें सर्वांस ठाऊक आहे. १९१४ च्या सप्टेंबरांत पार्लमेंटनें ठराव केला कीं, बाहेर गेलेल्या हिंदी फौजेचा नेहमींचा खर्च हिंदुस्थानच्याच माथीं राहील व जादा खर्च इंग्लंड सोशील. ह्याउपर १९१७ सालीं दहा कोटि पौंडांची ‘देणगी’ हिंदुस्थानच्या नांवें लिहिली गेली. जी रयत तिचें व्याज भरणार होती तिला त्यांत मत नव्हतें.

बसऱ्यानंतर कुर्ना, कुर्न्यानंतर अमारा, अमाऱ्यानंतर नासिरिया, नासिरियानंतर कुट. मागचें ठिकाण सुरक्षित राहावें म्हणून पुढचें घेणें अवश्य आहे, हें एकच कारण प्रत्येक मुक्कामास पुरलें. हा तर्क एकदां मान्य केला म्हणजे त्यास शेवट बगदाद येथेंही नाहीं आणि तेहरान येथेंही नाहीं. १९१५ च्या मार्चांत हिंदुस्थानचे सरसेनापति सर बीचम डफ ह्यांनीं जनरल निक्सन ह्यांस नव्या सूचना दिल्या; त्यांत संबंध बसरा प्रांत ताब्यांत घेण्याची व बगदादवर चालून जाण्याची योजना तयार ठेवण्याची आज्ञा होती. एवढी मोठी गोष्ट खुद्द लंडनच्या स्टेट सेक्रेटरींस तारेनें नव्हे, तर टपालानें, सावकाश कळली. ती मुद्दाम लपविली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यास कोणापुढें हिशेब द्यावयाचा नसतो त्यास घाईही नसते. सरसेनापति स्वतः त्या देशांत एकदांही गेले नाहींत. नदी हाच जेथें एकमेव हमरस्ता, तेथें आगबोटी पुरेशा नव्हत्या. बसऱ्याहून नासिरियापर्यंत रेल्वे घालण्याची मागणी खर्चाच्या सबबीवर नाकारण्यांत आली. पुढें जाण्याचा हुकूम फुकट सुटतो, आगबोटीस पैसे पडतात.

ह्या काटकसरीचें फळ टेसिफॉन येथें मिळालें. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं बगदाद जवळ आलें असतां जी लढाई झाली तींत जनरल टाउनशेंड ह्यांच्या सैन्यांतील सुमारें साडेचार हजार माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. जखमी लोकांस बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांत घालून खडबडीत जमिनीवरून नदीपर्यंत आणलें, व तेथून आगबोटींवर आणि पडावांवर मालासारखें रचून खालीं बसऱ्याकडे पाठविलें. मेजिदिये नांवाच्या आगबोटीवर व तिच्या बाजूंस बांधलेल्या पडावांवर सुमारें सहाशें जखमी होते. ती आगबोट बसऱ्यास येतांना मेजर कार्टर नांवाच्या एका लष्करी डॉक्टरानें पाहिली. दुरून त्यास वाटलें कीं बोटीच्या अंगावरून दोऱ्या लोंबत आहेत. जवळ आल्यावर त्यास जें दिसलें तें ह्या पत्रांत स्पष्ट लिहिण्यासारखें नाहीं. अतिसारानें पिडलेल्या व हाडें मोडलेल्या माणसांस जागचें हलविणारें कोणी नव्हतें एवढें सांगितलें म्हणजे वाचकांनीं उरलेलें समजून घ्यावें. दिवसच्या दिवस कित्येकांच्या जखमांची पट्टी बदललेली नव्हती. डॉक्टरानें ही स्थिति वरिष्ठांच्या नजरेस आणली. त्यास शाबासकी मिळाली नाहीं; उपद्व्यापी मनुष्य म्हणून त्याची संभावना झाली व दवाखान्याच्या बोटीवरील अधिकार काढून घेण्याची धमकी मिळाली. आणि ह्याच सुमारास वर गेलेली सरकारी तार काय म्हणत होती? जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे!

ही तार कोणासाठीं लिहिलेली होती ह्याचा विचार करावा. टेसिफॉनच्या मैदानांत तुर्कांनीं मोडलेल्या पलटणी पाहिल्या होत्या, माघारीच्या वाटेवर त्यांचा पाठलाग केला होता. त्यांच्यापासून लपविण्यासारखें तींत कांहींच नव्हतें. जखमी मुंबईच्या गोदींत उतरत होते, त्यामुळें मुंबईच्या हमालांसही कांहीं ना कांहीं दिसत होतें. ज्यांस दिसत नव्हतें ते लंडनांतील पार्लमेंटचे सभासद, आणि साताऱ्याच्या खेड्यांत मुलाच्या पत्राची वाट पाहणारे आईबाप.

माघार घेतलेलें सैन्य कुट येथें कोंडलें गेलें. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पांच महिने, तो वेढा चालला. शेवटीं शेवटीं घोडे व खेंचरें मारून खाण्याची वेळ आली. आमच्या शिपायांपैकीं बहुतेकांनीं, हिंदूंनीं तसेंच मुसलमानांनीं, तें मांस खाण्याचें कित्येक आठवडे नाकारलें. धर्मगुरूंकडून आधार मागविण्यांत आले, तरी गांवीं परत गेल्यावर जातगंगा काय म्हणेल ही धास्ती गोळ्यापेक्षां मोठी ठरली. ताजा भाजीपाला नाहीं, मांस नाहीं, रोजचें पीठ तुटपुंजें. हिरड्या सुजून व दांत हलून स्कर्व्हीनें शेंकडों शिपाई निकामी झाले. सुधारकांनीं ह्या गोष्टीचा निराळा विचार करावा. आम्हांसही तिजविषयीं पुष्कळ लिहितां येईल, पण तें पुन्हां केव्हां तरी. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्या सरकारनें त्यांस तेथें नेलें त्यास ते काय खातात व काय खात नाहींत ह्याची विचारपूस करण्यास अगोदर पुरें एक वर्ष मिळालेलें होतें. वेढा उठविण्याच्या प्रयत्नांत सुमारें तेवीस हजार माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. तुर्कांस लाखों पौंड देऊं करून सुटका साधण्याचाही प्रयत्न झाला व तो फसला. अखेर शिपाई व नोकरचाकर मिळून सुमारें तेरा हजार लोक शत्रूच्या स्वाधीन झाले, आणि वाळवंटांतून पायीं हांकले गेलेल्या ह्या कैद्यांपैकीं हजारों परत आले नाहींत.

त्यांचीं नांवें कोठें आहेत? बसऱ्याच्या स्मारकावर, ज्यांची कबर सांपडत नाहीं अशा चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांचीं व हिंदी अंमलदारांचीं नांवें तेथें कोरलीं गेलीं. हिंदी शिपायांसाठीं मात्र पलटणीच्या नांवाखालीं नुसता आंकडा. साम्राज्याच्या युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या कमिशननें २०२१ सालीं स्वतःच चौकशी करून, पूर्वेकडील व आफ्रिकेंतील मृतांच्या बाबतींत असा पक्षपात झाल्याचें कबूल केलें. म्हणजे हिशेबाचें हें पान उघडण्यास शंभरांवर वर्षें लागलीं.

इकडे हिंदुस्थानांत ह्या सर्व काळांत वर्तमानपत्रांच्या तोंडावर १९१० चा प्रेस ॲक्ट होता व त्याच्या जोडीस १९१५ चा हिंदुस्थान-संरक्षणाचा कायदा आला होता. कुट पडल्याला तीन महिने होतात न होतात तोंच पुण्यांत लोकमान्य टिळकांकडून, स्वराज्यावरील व्याख्यानांबद्दल, वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यांत आला. तो हुकूम मुंबई हायकोर्टानें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रद्द केला. ज्यांनीं एक डिव्हिजन गमावली त्यांच्याकडून जामीन मागणारा मॅजिस्ट्रेट कोठें नव्हता.

चौकशी झाली नाहीं असें नाहीं. १९१६ च्या मार्चांत हिंदुस्थान सरकारनें व्हिन्सेंट, बिंग्ली व रिड्सडेल ह्या तिघांस औषधोपचाराच्या व्यवस्थेची पाहणी करण्यास पाठविलें. त्यांनीं केलेला अहवाल सडेतोड होता, आणि म्हणूनच तो दप्तरांत पडून राहिला. परंतु पार्लमेंटांत ओरड थांबेना. तेव्हां १९१६ च्या ऑगस्टांत खास कायदा करून लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमावें लागलें. १८९७ च्या प्लेगच्या धामधुमींत हेच गृहस्थ स्टेट सेक्रेटरी होते हें पुणेकरांस सांगावयास नको. हिंदुस्थानचा कैवार घेण्याबद्दल त्यांची ख्याति नव्हती. तरीही त्यांच्या कमिशननें १९१७ च्या जूनमध्यें, महायुद्ध ऐन भरांत असतां, अहवाल प्रसिद्ध केला, व्हिन्सेंट-बिंग्ली अहवालही त्यास जोडला, आणि व्हाइसरॉयपासून सरसेनापतीपर्यंत व निक्सनपासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत नांवें घेऊन दोष वांटून दिला. स्टेट सेक्रेटरी चेंबरलेन ह्यांनीं राजीनामा दिला. हिंदुस्थान सरकारचें यंत्र लांकडी, लोखंडी व जुनाट झालें आहे असें भर पार्लमेंटांत बोलणारे माँटेग्यूसाहेब कांहीं दिवसांतच त्या जागीं आले, आणि २० ऑगस्टची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांच्याच तोंडून बाहेर पडली. हा अहवाल उघड झाल्यामुळें इंग्लंड युद्ध हरलें काय? उलट १९१६ च्या अखेरीपासून नव्या आगबोटी, नवे दवाखाने, नवी रेल्वे तेथें दिसूं लागली व ११ मार्च १९१७ रोजीं बगदाद पडलें. उघडकीस आलेल्या चुकांनीं सैन्य बळकट झालें. झांकलेल्या चुकांनीं तें कुटमध्यें उपाशी मेलें.

परंतु एक पडदा फाटला म्हणून दुसरा टांगावयाचा राहत नाहीं. बगदाद घेतल्यावर आठ दिवसांनीं जनरल मॉड ह्यांनीं जाहीरनामा काढला कीं, आम्ही जेते म्हणून नव्हे तर तुमचे मुक्तिदाते म्हणून आलों आहों. जाहीरनामा मोठ्या गोड भाषेंत होता. पण त्याच्या दहा महिने आधीं, १९१६ च्या मे महिन्यांत, इंग्लंड व फ्रान्स ह्यांनीं सायक्स-पिको ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला गुप्त करार करून तुर्की मुलखाची वांटणी करून टाकलेली होती, व तींत बगदाद आणि बसरा हे दोन्ही प्रांत इंग्रजांच्या थेट अंमलाखालीं राहावयाचे होते. आश्चर्य हें कीं, जाहीरनाम्याचा मसुदा करणारे व करारावर नांव असलेले सायक्स हे गृहस्थ एकच! १९१७ च्या नोव्हेंबरांत बोल्शेव्हिकांनीं झारच्या दप्तरांतून हा कागद काढून छापला नसता तर अरबांस तो केव्हां कळला असता देव जाणे.

१९२० च्या एप्रिलमध्यें सान रेमो येथें इराकचें ‘मँडेट’ इंग्लंडच्या पदरांत पडलें आणि जूनअखेर तो देश पेटला. सुन्नी व शिया, शहरचे व टोळ्यांचे, एक झाले. तें बंड मोडण्यास जी फौज होती तींत गोऱ्यांपेक्षां हिंदी शिपाई कितीतरी अधिक होते. महायुद्ध संपून दीड वर्ष झालें असूनही त्यांस घरीं सोडलेलें नव्हतें. बंड मोडण्याचा खर्च सुमारें चार कोटि पौंड आला. तुर्कांविरुद्ध अरबांस उठविणारे कर्नल लॉरेन्स ह्यांनींच २२ ऑगस्ट १९२० च्या ‘संडे टाइम्स’ पत्रांत लिहिलें कीं, बगदादहून येणारीं सरकारी पत्रकें उशिराचीं, अपुरीं व अप्रामाणिक असतात, आणि आपला कारभार तुर्कांच्या जुन्या कारभारापेक्षां वाईट आहे. घरचाच माणूस असें बोलला तेव्हां लंडनच्या करदात्यांचे डोळे उघडले. हिंदुस्थानांतही १९२१ च्या मार्चांत नव्या कायदेमंडळांत ठराव झाला कीं, हिंदी सैन्य हें हिंदुस्थानच्या संरक्षणासाठीं आहे, साम्राज्याच्या परदेशांतील कामगिरीसाठीं नव्हे. ठराव शिफारशीपुरताच होता.

मग इंग्रज निघून गेले काय? छे! नांव बदललें. १९२१ सालीं फैझल ह्यांस राजा केलें, १९२२ सालीं तह केला, आणि पायदळ महाग पडतें म्हणून देशाचा बंदोबस्त विमानदलाकडे सोंपविला. सारा न देणाऱ्या खेड्यांवर आकाशांतून बाँब पडूं लागले. १९३० सालीं दुसरा तह, त्यांत हब्बानिया व शुऐबा येथील विमानतळ पंचवीस वर्षें इंग्रजांकडे. १९३२ सालीं स्वातंत्र्य, तळ कायम. १९४१ सालीं पुन्हां हिंदी फौज बसऱ्यास उतरली. तळ इराकच्या हवालीं झाले ते १९५५ सालीं. म्हणजे तेलाचा नळ राखण्यासाठीं १९१४ सालीं उतरलेला पाय ह्या ना त्या नांवानें चाळीस वर्षें तेथें होता. आमच्या व्यापारी वाचकांस ही युक्ति परिचयाची आहे. बुडित खातें रोजकीर्दीवरून पुसतां येत नाहीं तेव्हां लबाड मुनीम तें दर दिवाळीस नव्या नांवानें नव्या वहींत ओढतो. मालकानें जुन्या वह्या मागितल्या म्हणजे त्या वाळवीनें खाल्ल्या असें उत्तर मिळतें.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वींची कथा. तें राज्यही गेलें आणि ते राज्यकर्तेही गेले. पण २००३ च्या मार्चांत अमेरिका व इंग्लंड ह्यांच्या फौजा त्याच फाओवर पुन्हां उतरल्या. ह्या खेपेस कारण महासंहारक शस्त्रांचें होतें. शस्त्रें सांपडलीं नाहींत. भाषा पुन्हां मुक्तीची होती. २००४ च्या जूनमध्यें इराकला सत्ता परत देण्याचा समारंभ जाहीर तारखेच्या दोन दिवस आधीं, कडेकोट बंदोबस्तांत, घाईघाईनें उरकला गेला, आणि त्यानंतरही अमेरिकेची फौज २०११ च्या डिसेंबरपर्यंत राहिली. २०१४ सालीं ती परत आली. इंग्लंडांत ह्या युद्धाच्या चौकशीसाठीं चिलकॉट कमिशन २००९ सालीं नेमलें गेलें. पंतप्रधान ब्लेअर व अध्यक्ष बुश ह्यांच्यांतील पत्रव्यवहार छापावा कीं नाहीं ह्या वादांत वर्षें गेलीं, आणि अहवाल बाहेर पडला तो ६ जुलै २०१६ रोजीं, बारा खंडांत! हॅमिल्टनचें कमिशन परराष्ट्राशीं जीवन्मरणाचें युद्ध चालू असतां वर्षाच्या आंत आटोपलें. चिलकॉटच्या वेळीं इंग्रज फौज बहुतेक घरीं पोहोंचलेली होती, तरी सात वर्षें लागलीं. अफगाणिस्तानाची तीच गत. तेथील अमेरिकन मोहीम यशस्वी होत असल्याचें बाहेर सांगणारे अधिकारी आंत काय कबूल करीत होते तें दाखविणाऱ्या मुलाखती ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रास तीन वर्षें कोर्टांत भांडून मिळाल्या व २०१९ च्या डिसेंबरांत छापतां आल्या. तालिबानास त्यांत नवें असें कांहीं आढळलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

२००३ च्या प्रकरणांत आमच्या देशास अभिमानास्पद अशी एक गोष्ट मात्र घडली व ती सांगितली पाहिजे. इराकच्या बंदोबस्तासाठीं हिंदुस्थाननें जवळजवळ एक डिव्हिजन फौज पाठवावी अशी अमेरिकेची मागणी होती. संसदेनें एप्रिलमध्येंच त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केलेला होता. फौज पाठवावी असें म्हणणारे वजनदार लोक दिल्लींत होते. पाठवूं नये असें म्हणणारे वर्तमानपत्रांत, पक्षांत व रस्त्यांत होते. दोन अडीच महिने हा वाद उघड उघड चालला, आणि १४ जुलै २००३ रोजीं वाजपेयी सरकारनें, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्यामुळें फौज पाठविणार नाहीं, असें जाहीर केलें. १९१४ सालीं पुण्याच्या डिव्हिजनला कोणी विचारलें नव्हतें. ह्या वेळीं विचारावें लागलें व उत्तर नकारार्थी आलें. उघड चर्चेनें परराष्ट्रीय धोरण बिघडतें असें म्हणणाऱ्यांनीं ह्या दाखल्याचें काय तें उत्तर द्यावें.

तथापि एका दाखल्यावर निर्धास्त राहतां येत नाहीं. लंकेंत शांतिसेना पाठविण्याचा निर्णय १९८७ च्या जुलैमध्यें झाला तेव्हां संसदेचें मत आधीं घेतलें गेलें नाहीं. ती सेना १९९० च्या मार्चांत परत आली तोंपर्यंत अकराशेंहून अधिक जवान मेले होते. तेथें लंकेच्या सरकारशीं करार झालेला होता, त्यामुळें मेसापोटेमियाशीं त्याची तुलना कोणी करूं नये. परंतु शांतीसाठीं गेलेलें सैन्य तीन महिन्यांत लढाईंत कसें पडलें, ह्याचा सर्व कागदपत्रांसह हिशेब राष्ट्रापुढें मांडला गेलेला नाहीं. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ सालीं तयार झाला. त्याचा मोठा भाग २०१४ सालीं एका परदेशी पत्रकारानें प्रसिद्ध केला, चीननें तो वाचला असेलच. सरकारनें स्वतः मात्र तो अद्याप हिंदी नागरिकाच्या हातीं दिलेला नाहीं.

ह्याचें मूळ कायद्यांत आहे. सरकारी गुपितांचा कायदा प्रथम १८८९ सालीं झाला, १९०४ सालीं कर्झनसाहेबांनीं तो अधिक कडक केला, तेव्हां गोखल्यांनीं कायदेमंडळांत त्यास कसून विरोध केला होता. १९२३ सालीं झालेला त्याचा अवतार आजही जिवंत आहे, आणि त्याचें कलम ५ इतकें ऐसपैस आहे कीं कोणता कागद गुप्त व कोणता नव्हे हें शेवटीं खात्यानेंच ठरवावें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें त्यावर थोडी मात केली आहे. सार्वजनिक हित मोठें असेल तर गुपितांचा कायदा आड येऊं नये असें त्याच्या कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमांत स्पष्ट लिहिलें आहे. वकिलांनीं तें पोटकलम अधिक वेळां कोर्टापुढें न्यावें अशी आमची सूचना आहे.

दुसरी सूचना संसदेच्या सभासदांस आहे. परदेशीं फौज पाठवितांना संसदेची संमति घेतली पाहिजे असें आमच्या राज्यघटनेंत कोठेंही नाहीं. परक्या राज्यकर्त्यांच्या १८५८ च्या कायद्यांत निदान कागदावर तरी तसा निर्बंध होता! त्या जुन्या ५४ व ५५ ह्या कलमांचा मसुदा तयारच आहे. त्यांत ‘पार्लमेंट’च्या जागीं लोकसभा व राज्यसभा हे शब्द घालावे, तीन महिन्यांऐवजीं तीस दिवस करावे, आणि फौज बाहेर असेपर्यंत खर्चाचा, मृतांचा व जखमींचा हिशेब दर सहा महिन्यांनीं सभागृहापुढें ठेवण्याचें एक पोटकलम जोडावें. सगळें मिळून एक पान भरणार नाहीं. खासगी विधेयक म्हणून कोणत्याही पक्षाच्या सभासदास तें येत्या अधिवेशनांतल्या पहिल्याच शुक्रवारीं मांडतां येईल.